वामनदादा कर्डक यांना राजकीय कवी का म्हणावे?

आपला प्रश्न असा आहे की, वामनदादांची बहुतेक गाणी बाबासाहेबांच्या गौरवाची असताना त्यांना राजकीय लोककवी कशाच्या आधारावर म्हणतात. त्यांची गाणी मी अनेक वर्षे ऐकत आणि वाचत आलो आहे. त्यांच्या गौरवगीतांतही राजकारण आहेच, पण ते सर्वांत लख्ख दिसते ते त्यांनी आपल्याच माणसांना जाब विचारला आहे तेथे, असे माझे मत आहे.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी शाळा मिळाली नाही. पुढे पोटासाठी मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत आणि पडेल तेथे अंगमेहनतीची कामे केली. एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला ते वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर ते जाणत्या वयात अक्षरे शिकले आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत जोडाक्षरांपर्यंत पोहोचले. पहिले गीत त्यांनी १९४३ मध्ये रचले. म्हणजे ज्याला नुकतेच लिहिता येऊ लागले होते, त्याच माणसाने पुढे हजारो गीते लिहिली, आणि ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नव्हते. त्यांची रचना पहिल्याच ऐकण्यात पोहोचणारी का आहे, हे यावरून समजते.

त्यांच्या आधी सत्यशोधक जलसे, म्हणजे गाण्यांतून आणि नाट्यातून समाजाला जागे करणारे कार्यक्रम होते आणि नंतर आंबेडकरी जलसे आले. (त्या जलशांतले भीमराव कर्डक हे वेगळे, आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते.) वामनदादांनी हा वारसा घेतला आणि त्याला कव्वालीची बैठक दिली: पेटी, ढोलकी, टाळ्या, कोरसने उचलून धरलेला मुखडा आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी परत येणारे यमक. श्रोत्याला दुसऱ्या कडव्यापासूनच सोबत गाता येते, आणि सभा संपल्यावर तोच मुखडा वस्तीत पोहोचतो. खेडोपाडी फिरून, मिळेल त्या मुक्कामी राहून, चळवळीचा विचार त्यांनी असा आयुष्यभर पोहोचवला.

आता त्यांची दोन गाणी जवळून पाहू. ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो’ या गाण्यात देशातल्या बड्या भांडवलदारांची नावे एका दमात येतात आणि लगेच आमचा वाटा कुठे आहे, असा सवाल होतो. जातीची लढाई आणि पोटाची लढाई हे दोन वेगवेगळ्या पक्षांचे विषय आहेत, असे हा गिरणीत राबलेला कवी मानत नाही. धनाचा साठा कोणाकडे आहे हे विचारल्याशिवाय समतेची गोष्ट त्याच्या लेखी पुरी होत नाही.

दुसरे गाणे ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. माझ्या दृष्टीने त्यांच्या राजकीय कवितेचे हे शिखर आहे. हे सारे गाणे ‘असते तर’ या धारेवर उभे आहे: लाखोंच्या सभेसमोर उभा राहून कवी म्हणतो की, बाबासाहेबांच्या मताची माणसे पाच तरी असती तर चित्र निराळे दिसले असते. बोलण्यात भीम आहे, तो करणीत का नाही, हा त्यातला सवाल आहे. १९५६ मध्ये बाबासाहेब गेले, १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच तो गटांत फुटला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गाणे कोणाला उद्देशून आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. विरोधकावर टीका करून टाळ्या मिळवणे सोपे असते. ज्या लोकांच्या प्रेमावर आपले गाणे चालते त्यांनाच असे सुनवायला फार मोठी निष्ठा लागते, आणि त्याच लोकांनी हे गाणे डोक्यावर घेतले, हेही मला तितकेच मोलाचे वाटते.

१५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची गाणी गायकांच्या वह्यांतून आणि कंठातून इतकी पसरली की, अनेकदा कवीचे नाव न सांगताच ती गायली जातात. आपण १४ एप्रिलच्या आसपास ती ऐकाल तेव्हा शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या. अनेक गीतांत तेथे ‘वामन’ ही नाममुद्रा सापडते.