पाणीखात्यातल्या मनगटासाठी घड्याळ

दादर, मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या पाणीखात्यात तू कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालीस हे वाचून फार बरे वाटले. पहिल्या पगारातले तीन हजार रुपये बाजूला ठेवून कामावर आणि एरवीही वापरता येईल असे एकच घड्याळ घ्यायचे, आणि ते निदान दहा वर्षे चालावे, ही तुझी अपेक्षा रास्त आहे. भाऊ स्मार्टवॉच घे म्हणतो, वडील कपाटातले एचएमटी वापर म्हणतात, आणि कार्यालयातल्या कुणीतरी तुला फुटपाथवरची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे नामांकित घड्याळाची हुबेहूब नक्कल, दाखवली. या तिघांच्या सल्ल्याकडे आपण नंतर वळू. त्याआधी आपल्या कामात घड्याळ नेमके कशाने बिघडते ते समजून घे, म्हणजे निवड बरीचशी आपोआप होईल. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत सहा घड्याळे झाली. त्यांतली चार पाण्याने गेली, एक लोकलमध्ये पट्ट्याची पिन निसटून रुळांवर पडले आणि सहावे आजही माझ्या मनगटावर आहे. यंत्र बिघडले म्हणून एकही टाकावे लागले नाही.

फोन असताना घड्याळ कशाला, हा प्रश्न तू विचारला नाहीस, कारण चार दिवसांत तुला उत्तर मिळाले असणार. ठरल्या वेळी चावीवाला एका भागाचा व्हॉल्व्ह उघडतो, दुसऱ्याचा बंद करतो, आणि आपण चेंबरच्या तोंडाशी चिखलाने माखलेल्या हातांनी उभे असतो. त्या क्षणी खिशातून फोन काढायचा नसतो. मीटरवरचा प्रवाह मोजतानाही नजर सेकंदकाट्यावरच लागते.

आता पाण्याकडे येऊ. घड्याळाच्या पाठीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि पुढे ३० मीटर, ५० मीटर किंवा ३ बार, ५ बार असे काहीतरी कोरलेले असते. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार, हे तुला सांगायला नको. मात्र ३० मीटर लिहिलेले घड्याळ घालून तीस मीटर खोल जाता येत नाही. व्यवहारात ते हात धुण्यापुरते आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरते असते, ५० मीटरचे जपून पोहण्यापुरते, आणि निर्धास्तपणा खऱ्या अर्थाने १०० मीटरपासून सुरू होतो. याचे कारण म्हणून अनेक जण सांगतात की पोहताना हात जोरात आपटल्याने दाब प्रचंड वाढतो. तू अभियंता आहेस, तेव्हा स्वतःच हिशेब कर. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने पाण्यात फिरला, तर व्हेलॉसिटी हेड, म्हणजे वेगामुळे येणारा दाब पाण्याच्या उंचीत मोजलेला (वेगाचा वर्ग भागिले दोन जी, जी म्हणजे गुरुत्वत्वरण), जेमतेम १.३ मीटर येते. तीस मीटरपुढे ते काहीच नाही. खरे कारण वेगळे आहे. तो आकडा नव्या घड्याळाचा असतो आणि तो स्थिर पाण्यात, थोड्या वेळाच्या चाचणीतून ठरतो. तुझ्या मनगटावरच्या घड्याळातल्या रबरी रिंगा मात्र घामाने, साबणाने आणि उन्हाने वर्षागणिक कडक होत जातात. नळाचा वॉशर जसा एक दिवस अचानक गळू लागतो, तसेच हे आहे.

आपल्या खात्यातला धोका पोहण्याहून मोठा आहे, आणि दुकानदार तो सांगणार नाही, कारण त्याला ठाऊकच नसतो. समज, ४० मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब, असलेल्या वाहिनीला चीर पडली आणि तिच्यातून उडालेली चिळकांडी थेट तुझ्या मनगटावर आली. ती जिथे आदळते तिथे तो सगळा हेड पुन्हा दाबात बदलतो, म्हणजे किल्लीच्या (वेळ जुळवायच्या, बाजूच्या गोल खुंटीच्या) फटीवर क्षणभर का होईना, पण चार बारच्या जवळपास दाब येतो. म्हणून तुझ्यासाठी ३० मीटरचे घड्याळ मी पहिल्याच पावलाला बाद करतो, ५० मीटरचे नाइलाजाने घ्यावे असे म्हणतो आणि १०० मीटरचे घे असा आग्रह धरतो. वेगळ्या किमतीला नव्हे, तुझ्याच बजेटात ते मिळते. फक्त दिसायला ते थोडे रांगडे असते.

आणि कितीही मीटरचे घेतलेस तरी किल्ली बाहेर ओढलेली राहिली तर सगळे व्यर्थ आहे. माझे पहिले घड्याळ, लग्नात सासऱ्यांनी दिलेले, असेच गेले. जुलैच्या एका रात्री वीज गेल्यावर मी वेळ जुळवली, किल्ली आत दाबायची राहिली आणि तासाभराने गुडघाभर पाण्यात व्हॉल्व्ह शोधत होतो. सकाळी काचेच्या आतून वाफ धरली होती आणि आठवड्याभरात तबकडीवर तांबूस डाग उमटले. दुसऱ्या घड्याळाचे दुखणे माझ्या चुकीचे नव्हते. सेल बदलून देणाऱ्याने पाठीचे झाकण बसवताना रबरी रिंग वाकडी बसवली, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरले. किल्ली आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी असेल तर उत्तम, पण तुझ्या बजेटात तो हट्ट धरू नकोस. साधी दाबायची किल्ली आत आहे की नाही, हे कामावर निघताना अंगठ्याने चाचपून पाहायची सवय लाव. बटणांच्या घड्याळात पाण्याखाली बटण दाबू नये, तेही त्याच कारणाने.

काचेच्या आत वाफ दिसली तर तिची हेळसांड करू नकोस. मुंबईच्या दमट हवेतून तू एकदम वातानुकूलित खोलीत आलीस की काच थंड होते आणि आत अडकलेल्या बाष्पाचे दव काचेला धरते. क्षणात नाहीसा होणारा हलका धूसरपणा पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर रिंग निकामी होत आली असे समजून त्याच दिवशी घड्याळजीकडे जा. तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवण्याचा उपाय सगळेच सुचवतात. त्याने आतला गंज थांबत नाही, तांदूळ मात्र वाया जातो.

आता पेटी, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे अंग. पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे वाचून पुष्कळ जण समजतात की घड्याळ स्टीलचे आहे. त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचे आहे, एवढाच. बाकी पेटी पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असू शकते आणि तिच्यावर मुलामा असतो. मुंबईच्या घामात तो मुलामा कानांपाशी, म्हणजे पट्टा जिथे अडकवतात तिथे, आधी उडतो, मग हिरवट चुरा दिसू लागतो आणि कुणाच्या त्वचेला निकेलची ॲलर्जी असेल तर खाजही सुटते. तेव्हा पेटी पूर्ण स्टीलची तरी असावी किंवा सरळ प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकमध्ये कमीपणा मानू नकोस. चांगले रेझिन प्लॅस्टिक गंजत नाही, लोखंडी झाकणावर आपटले तरी वाकत नाही आणि हलके असते. काचेबद्दल थोडक्यात सांगतो. नीलमणी काच सर्वांत कठीण, कठिणतेच्या मापावर ९, पण तुझ्या बजेटात तिची अपेक्षा नको. साधी मिनरल काच वाळूने ओरखडते, कारण वाळूतल्या क्वार्ट्झची कठिणता ७ असते. प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडे आणखी लवकर पडतात, पण ती सहसा फुटत नाही. कामाच्या घड्याळावर ओरखडे पडायचेच. चेंबरच्या कडेला मनगट आपटून काच फुटणे मात्र परवडत नाही.

पट्ट्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि घड्याळ हरवते ते बहुधा पट्ट्यामुळेच. चामड्याचा पट्टा आपल्याकडे पावसाळ्यात दोन महिन्यांत वास मारू लागतो, म्हणून तो लग्नकार्यासाठी ठेव. स्टीलची साखळी टिकते, पण लोकलच्या गर्दीत तिच्या कड्या दुसऱ्याच्या ओढणीत किंवा बॅगेच्या दोऱ्यात अडकतात. रबर किंवा रेझिनचा पट्टा रोज रात्री साध्या पाण्याने धुतला तर पुरेसा आहे. त्याहून मला सोयीचा वाटतो तो नायलॉनचा अखंड पट्टा, जो दोन्ही पिनांखालून घड्याळाच्या पाठीमागून जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकते, आणि माझे तिसरे घड्याळ अशा पट्ट्यावर असते तर ते मस्जिद स्टेशनच्या रुळांवर पडले नसते. या पट्ट्यासाठी एक अट आहे. घड्याळाच्या कानांमधले अंतर १८ किंवा २० मिलिमीटर असे सरळ असावे, कारण काही स्वस्त घड्याळांच्या पट्ट्याची खाच खास त्यांच्याच मापाची असते आणि पट्टा तुटला की अख्खे घड्याळ टाकावे लागते. दुकानात हे विचारायला लाजू नकोस.

यंत्राबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तुझ्यासाठी उत्तर सरळ आहे, ते म्हणजे सेलवर चालणारे क्वार्ट्झ. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणजे दोनचा पंधरावा घात, आणि हा आकडा पंधरा वेळा अर्धा करत गेले की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते. सीकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा ती चैन होती. आज काही शे रुपयांच्या घड्याळातही हेच यंत्र असते आणि ते महिन्याला साधारण १५ ते ३० सेकंदच चुकते. याउलट आपोआप चावी बसणाऱ्या यांत्रिक घड्याळांत सीकोच्या एनएच३५ या प्रसिद्ध यंत्राची अधिकृत मर्यादासुद्धा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे.

वडिलांचे एचएमटी म्हणूनच कामावर नेऊ नकोस. ती कंपनी १९६१ पासून बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवत होती, आणि २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारने घेतला. जे घड्याळ चालू स्थितीत घरात आहे ते तेल-सफाई करून सुट्टीच्या दिवशी वापर, रोज सकाळी ठरल्या वेळी चावी दे आणि पाण्याजवळ नेऊ नकोस. त्याच्या मोहाने जुन्या बाजारातून आणखी एक घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस. तबकडी नव्याने रंगवून, काटे एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे बसवून चकचकीत केलेल्या अशा घड्याळांना शौकिनांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावाला हा मान कसा मिळाला, ते क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत फिरलीस की कळेल. ‘फर्स्ट कॉपी’बद्दल तर एवढेच लिहितो की पाठीवर २०० मीटर कोरायला छिन्नी लागते, रिंग लागत नाही.

स्मार्टवॉच वाईट नाही, पण दोन दिवसांआड चार्ज करावे लागणारे यंत्र रात्रपाळीत नेमके तिसऱ्या दिवशी मिटते, आणि त्याची बॅटरी दहा वर्षे टिकत नाही. ओल्या बोटांना त्याचा पडदा दादही देत नाही.

तबकडी पांढरी असो वा काळी, आकडे मोठे आणि सगळे बाराच्या बारा असावेत, काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असावा किंवा दिवा असावा, आणि सेकंदकाटा सहज दिसावा. तुझे मनगट बारीक आहे, तेव्हा ३३ ते ३८ मिलिमीटरची पेटी बघ. पेटीचे कान मनगटाबाहेर डोकावले तर ते प्रत्येक दरवाजाला अडकते. कॅसिओचे १९८९ सालचे एफ-९१डब्ल्यू सगळ्यांना ठाऊक आहे. ते २१ ग्रॅमचे असते, सेल सात वर्षे चालतो आणि कार्यालयातल्या कुणासाठीही मी ते डोळे मिटून सुचवीन, पण त्यावर नुसते पाणी-प्रतिरोधक लिहिलेले असते, मीटर दिलेले नसतात. तुझ्यासाठी त्याच कंपनीचे एलआरडब्ल्यू-२००एच हे काट्यांचे, किंवा अंकांचेच हवे असेल तर डब्ल्यू-८००एच बघ. दोन्ही १०० मीटरची आहेत आणि दुसऱ्याचा सेल दहा वर्षांचा आहे. टायटन-सोनाटाच्या दुकानातही जा, कारण त्यांची दुरुस्ती केंद्रे सर्वत्र सापडतात; मात्र तिथे आधी पाठीवरचा मीटरचा आकडा वाच, मग तबकडी बघ. पावती आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नकोस.

सेल बदलायची वेळ येईल तेव्हाचे आता लिहून ठेवतो. काट्यांच्या बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. ते दिसले की चालढकल करू नकोस, कारण मेलेला सेल आत राहिला तर गळतो आणि यंत्र खातो. नवा सेल समोर उघडून बसवायला सांग. काट्यांच्या घड्याळाच्या सेलवर एसआरने सुरू होणारा क्रमांक हवा. त्याच मापाचा एलआरचा सेल अगदी स्वस्त असतो, पण तो लवकर उतरतो आणि गळतोही. झाकण उघडले की रिंग बदलून सिलिकॉन ग्रीस लावायला सांग आणि त्याचे वेगळे पैसे दे. घासाघीस करायची असेल तर पट्ट्यावर कर. शक्य असेल तर दाबाची चाचणी करून देणाऱ्याकडेच जा.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. घ्यायच्या आधी एकदा येऊन जा. माझे सहावे घड्याळ मनगटावर बांधून बघ, म्हणजे पेटीचा अंदाज येईल, आणि जुन्या डब्यात १८ मिलिमीटरचा एक कोरा नायलॉनचा पट्टा आहे, तो तुझ्या घड्याळाला बसला तर घेऊन जा.

तुझा,
सर