स्नोबोर्डसाठी एकच ‘ऑल टेम्परेचर’ वॅक्स घ्यायचं तर कोणतं, आणि कोकणात घरच्या घरी ते कसं लावायचं?

तुम्ही रत्नागिरीत राहता, पुण्याच्या मित्राकडून वापरलेला स्नोबोर्ड घेतलाय, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय आणि घरच्या इस्त्रीने वॅक्स लावता येईल का, असं विचारलंय. मी मालवणचा. हिवाळ्यात बोर्ड घेऊन काश्मीरला जातो आणि बाकीचं वर्ष तो इथल्या खाऱ्या हवेत सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं साधं हायड्रोकार्बन वॅक्स (बोर्ड सहज घसरावा म्हणून त्याच्या तळाला लावायचं मेण) घ्या, ज्यावर ‘ऑल टेम्परेचर’ किंवा ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असेल. ब्रँडवरून डोकं शिणवू नका. इस्त्री किती तापली होती आणि नंतर तुम्ही किती नीट खरवडलंत, यानेच जास्त फरक पडतो.

बोर्ड घसरतो तेव्हा बेस (बोर्डचा तळ) आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो. कडाक्याच्या थंडीत हे पाणी कमी असतं, बर्फाचे कण कोरडे आणि टोकदार असतात, मऊ वॅक्समध्ये ते रुततात. म्हणून थंडीला कडक वॅक्स. उलट मार्चमध्ये ऊन चढलं की पाणी जास्त होतं, बोर्ड खालून चिकटल्यासारखा ओढला जातो. तिथे पाणी झटकणारं मऊ वॅक्स लागतं. बहुतेक कंपन्या थंडीच्या वॅक्सला निळा-हिरवा आणि उबेच्या वॅक्सला पिवळा-लाल रंग देतात. युनिव्हर्सल या दोहोंच्या मधलं.

गुलमर्गला मधलंच बरं, कारण गाव साधारण २,६५० मीटरवर आणि गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा पार ३,९०० मीटरच्या वर. वरती अफरवटच्या डोंगरावर सकाळी कोरडा भुसभुशीत बर्फ आणि त्याच दिवशी दुपारी खाली ओलसर बर्फ, हे तिथे नेहमीचं. एका दिवसात वॅक्स दोनदा बदलणं शर्यतवाल्यांना परवडतं, आपल्याला त्याची गरज नाही. पण वॅक्सच लावू नये असंही नाही. स्कीवाल्याच्या हातात काठ्या असतात. आपल्याकडे त्या नसतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर बोर्ड थांबला की पाय सोडवून चालायचं. नवशिक्या तिथेच जास्त दमतो.

दोन गोष्टी अजिबात घेऊ नका. एक, फ्लोरो (फ्लोरिनची संयुगं) असलेलं जुन्या साठ्यातलं वॅक्स. ती रसायनं निसर्गात मुरून राहतात, इस्त्रीखाली त्यांची वाफ आरोग्याला घातक, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघानेही २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत त्यांच्यावर बंदी घातलीय. दुसरं, सर्फिंगचं वॅक्स. आपल्या किनाऱ्यावर सर्फिंगवाला कोणी भेटला आणि त्याने प्रेमाने वडी देऊ केली तरी घेऊ नका. ते पाय घसरू नये म्हणून सर्फबोर्डच्या वरच्या बाजूला लावतात, तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

आता इस्त्री. वॅक्सची खास इस्त्री उत्तम, पण जुनी, बिनवाफेची, सपाट तळाची इस्त्रीही चालते. वाफेच्या भोकांची नको, त्यांत वॅक्स साचतं. आणि एकदा वॅक्सला वापरली की ती कपड्यांना पुन्हा लावायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. बेस पॉलिथिलीनचा असतो आणि तो १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, म्हणून सिंथेटिक कपड्यांच्या खुणेपासून सुरुवात करा आणि वडी जेमतेम वितळेल इतपतच वाढवा. धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापलीय, लगेच कमी करा.

बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायच्या पकडी, काढून ठेवा. ती आवळलेली असताना बेस तापवला तर स्क्रूंच्या जागी खळगे पडू शकतात. बेस पुसायला रॉकेल किंवा थिनर वापरू नका, बेस कोरडा पडतो. त्यापेक्षा थोडं वॅक्स लावून ते कोमट असतानाच खरवडून काढा, मळ त्याच्याबरोबर येतो. खरवडलेलं काळपट दिसेल. ते पांढरं येईपर्यंत हेच करा.

मग खरं वॅक्स. वडी इस्त्रीला टेकवून बेसवर थेंबांची नागमोडी ओळ टाका आणि इस्त्री नाकापासून (पुढच्या टोकापासून) शेपटीपर्यंत (मागच्या टोकापर्यंत) सावकाश फिरवा. मागे ओलसर चकाकी राहते. ती चार बोटांपासून वीतभर लांब असेल आणि लगेच मंद होत येत असेल तर वेग बरोबर. इस्त्री एका जागी क्षणभरही थांबवू नका. मधूनमधून बोर्डच्या वरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर थांबा. तुमचा बोर्ड जुना आहे, कडांजवळ बेस पांढुरका दिसत असेल तर तो कोरडा आहे. त्याला दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण थंड झाल्यावर पुढचा.

इथेच आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. थंड प्रदेशात अर्ध्या तासात वॅक्स घट्ट होतं. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तीस अंशांच्या वर जातं, तेव्हा वॅक्स मऊच राहतं आणि खरवडताना फासलं जातं. रात्री लावा आणि पहाटे गारव्यात खरवडा. खरवडायला धातूची पट्टी नको, बेसवर चरे पडतात. नंबरप्लेट किंवा दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून चार-पाच मिलिमीटर जाडीची, सरळ धारेची अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून घ्या. खाली वर्तमानपत्रं पसरा, कारण वॅक्सचा कीस कोब्यावर पडला की पाय सटकतो. खरवडताना जीव राखू नका, वर राहिलेलं वॅक्स बोर्डाला हळूच करतं. जे बेसमध्ये मुरलंय तेच कामाचं. कडांवरचंही काढा, नाहीतर वळताना पकड मिळणार नाही. शेवटी नायलॉनच्या ब्रशने नाकाकडून शेपटीकडे घासा, भुकटी यायची थांबेपर्यंत.

गुलमर्गला जाताना चोळून लावायचं थोडं वॅक्स बरोबर न्या. तीन-चार दिवस घसरलात की कडांजवळचं वॅक्स झिजतं, तेव्हा संध्याकाळी खोलीवर चोळलं की काम भागतं. बेस पुसायच्या क्लीनरची बाटली मात्र नेऊ नका, ज्वलनशील द्रव विमानात चालत नाही.

आणि परत आल्यावरची काळजी अजिबात चुकवू नका. ओला बोर्ड बॅगेत बंद करून आणलात तर घरी पोचेपर्यंत पोलादी कडांवर तांबूस ठिपके दिसतात, आणि पुढे आपली खारी हवा ते वाढवतच नेते. तिकडून निघण्यापूर्वी कोरडा पुसा, घरी आल्यावर गंज असेल तर हलक्या हाताने घासून काढा, आणि वॅक्सचा जाड थर द्या, कडांवरूनही ओढून. हा थर खरवडायचा नाही. पावसाळ्याआधी होड्या शाकारून ठेवतात तसा बोर्ड या थराखाली बंद राहू द्या. ठेवायची जागा आतल्या खोलीतली, जमिनीपासून वर. पडवीत नको, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात तिथे वॅक्स मऊ पडून ओघळू शकतं. पुढच्या डिसेंबरात तो थर खरवडून ब्रश मारला की बोर्ड तयार.