मोटरहोम ट्रिपच्या शेवटच्या दिवशी गोव्याहून बेळगावला येताना गोकाक धबधबा होईल का?

गोकाक काढून टाका. सकाळी पणजीतून निघणार, संध्याकाळी सहाला बेळगावात गाडी परत द्यायची, आणि मध्ये बेळगाव ओलांडून साठेक किलोमीटर पुढं गोकाकला जाऊन परत यायचं? त्यात तुम्ही जाणार फेब्रुवारीत. घटप्रभेची ती ५२ मीटरची उडी बघायची तर पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता जावं. फेब्रुवारीत खडक दिसेल.

पण गाडीतल्या संडासाच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांबद्दल तुम्ही पुढं लिहिलंय, "टाक्या वगैरे वाटेत कुठंतरी रिकाम्या करू, शेवटचा दिवस मोकळा हवाय." मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळं.

आम्हीही चौघंच होतो. कारवार, गोवा करून चोर्ला घाटानं बेळगावला परत येत होतो. घाट चढून वर आलो आणि कणकुंबीजवळ टॉयलेटच्या कॅसेटचा, म्हणजे खालच्या सुट्या टाकीचा, भरल्याचा लाल दिवा लागला. अठरा-वीस लिटरचा डबा तो, चौघांत दोन-तीन दिवसांत भरणारच. आमच्यातल्या एकानं गाडी ओढ्याच्या कडेला घेतली, बाहेरचं दार उघडून कॅसेट ओढून काढली आणि टोपण फिरवायला लागला. "इथंच ओततो की रे. पावसात जातंय सगळं वाहून." मी दांडा धरला तो सोडला नाही. तोटीच्या तोंडाशी निळसर पाणी आलेलं, त्याचा वास अजून आठवतो. रस्त्यावरच आमचं भांडण झालं, आणि चांगलं मोठ्यानं झालं.

कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते. हीच नदी खानापुरावरून सौंदत्तीच्या धरणात जाते, हुबळी-धारवाडच्या नळाला येते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आपल्या आज्या-पणज्या नदीत पाय टाकण्याआधी नमस्कार करायच्या, आणि आपण तिच्या उगमापाशी संडासाचा डबा उपडा करायचा? पाऊस वाहून नेतो म्हणजे कुणाच्या तरी दारात नेतो.

मग दुसऱ्या मित्रानं तोडगा काढला. बेळगावच्या वाटेवर किणयेत त्याच्या मामांचा मळा आहे, गोबरगॅस आहे, त्यात ओतू. मामा लगेच तयार. "आणा की, त्यात काय." मी कॅसेटमध्ये घालायच्या औषधाची बाटली आणून मागचं बारीक अक्षर वाचलं, फॉर्मल्डिहाइड लिहिलं होतं. ते निळं औषध जंतू मारायलाच असतं, आणि गोबरगॅस तर जंतूंच्याच जिवावर चालतो. खड्डा बिघडला तर मामींची शेगडी बंद. हे सांगितल्यावर मामाच म्हणाले, "मग नको रे बाबा." चहा घेतला आणि निघालो.

शेवटी बेळगावात टिळकवाडीत आमच्या घरी, शहराच्या ड्रेनेजला जोडलेल्या संडासात, थोडं थोडं ओतत आणि वर बादल्यांनी पाणी मारत मी ती कॅसेट रिकामी केली, धुतली. तोवर बाकीचे गाडीत बसून घड्याळ बघत होते. कुंदा घ्यायचा राहिला, गाडी द्यायला उशीर झाला आणि डिपॉझिटातनं पैसे कापले गेले. तो मित्र अजून म्हणतो, शेवटचा दिवस माझ्यामुळं वाया गेला. माझ्या मते पूर्ण ट्रिपमध्ये कामाचं काही झालं असेल तर ते त्याच दिवशी.

तर शेवटच्या दिवशी फिरणं ठेवूच नका. आपल्याकडं टाक्या रिकाम्या करायची सोय वाटेत सहसा मिळत नाही, म्हणून कॅसेट रिकामी करून द्यायची की भरलेली चालते हे गाडीवाल्याला बुकिंगच्या वेळीच विचारा. भांडी घासलेलं पाणीही शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नका. फॉर्मल्डिहाइड नसलेलं औषध मिळतं, तेच घ्या. सेप्टिक टँकला त्याचा त्रास सहसा कमी होतो.

चोर्ला की अनमोड हेही विचारलंय. चोर्ला जवळ पडतो, पण मोठी गाडी पहिल्यांदाच चालवत असाल तर अनमोडनं रामनगर, लोंढा, खानापूर असे या. अंधारात दोन्ही घाट नकोत. आणि भाड्यानं घेऊन स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघून घ्या. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं देता येत नाही, चेकपोस्टवर अडकाल.

अजून एक, उशिराचा भुर्दंड पडला तर तो चौघांत वाटायचा, हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. टाकी धुणाऱ्याच्या अंगावर तो टाकायचा नाही. आमच्यात मी एकट्यानं भरला, आणि बाकी तिघांचे वाटे मला अजून यायचेत.