स्पीकर बदलण्याआधी खोलीचं बघा

प्रश्न : डोंबिवलीत भाड्याने राहतो. हातात पगार ६२ हजार, भाड्यासकट खर्च ४५ हजार, दीड लाखाची एफडी. गाणं ऐकायला दहा बाय दहाची खोली आहे, पण डग्गा घुमतो आणि बंदिशीचे शब्द पुसट ऐकू येतात. १ लाख २० हजारांचे नवे स्पीकर पर्सनल लोनवर घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नका. १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचं कर्ज धरलं तर हप्ता जवळपास ५,९०० रुपये आणि व्याज २१ हजार. एवढं भरूनही तक्रार जाणार नाही, कारण दोष खोलीचा आहे.

दहा फुटी भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपासचा खालचा स्वर अडकून फुगतो, पुढे ११२ पाशी पुन्हा. तुमची लांबी-रुंदी सारखी, म्हणजे दोन्ही दिशांची फुगवटी एकाच स्वरावर येते. मोठा स्पीकर खालचे स्वर जास्त जोराने काढेल, म्हणजे घूम वाढेलच.

आधी फुकटचा उपाय. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल (बहुतेकांची असते) तर तीन-चार फूट पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. आठवडाभर तसं ऐका. मग खर्च, आणि तो १६ हजारांच्या आत : महिन्याला ४ हजार, चार महिने. पहिल्या महिन्यात जाड सतरंजी आणि पडदे. शब्द पुसट होतात ते बरेचदा बाजूच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे. खुर्चीत बसून कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे आवाज शोषणारं पॅनल हवं. ते सुताराकडून करून घ्या : लाकडी चौकट, आत चार इंच रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकरीसारखी तंतूंची गादी), वर फुंकर आरपार जाईल असं कापड. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच. उरलेल्या पैशांत कोपऱ्यांत उभी राहणारी जाड पॅनलं. भिंतीत खिळा ठोकू नका. करार अकरा महिन्यांचा असेल, तर घर बदलताना पॅनलं सोबत नेता येतील आणि डिपॉझिटही शाबूत राहील.

ऑनलाइन मिळणारा इंचभर जाडीचा फोम टाळा. डग्गा तसाच घुमत राहतो, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंज) मात्र मरते. अंड्याचे ट्रे तर सोडूनच द्या. आणि यातल्या कशानेही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही, तो खर्च वेगळा आणि भाड्याच्या घरात न परवडणारा.

आता एफडी. दीड लाख म्हणजे जेमतेम सव्वातीन महिन्यांचा खर्च. ती मोडू नका. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, म्हणजे २ लाख ७० हजार लागतील. महिन्याला १२ हजार टाकलेत तर दहा महिन्यांत तिथे पोहोचाल. त्यानंतरही स्पीकर हवेसे वाटले तर रोखीने घ्या, शक्यतो सेकंडहँड, आणि दुकानातल्या डेमोवर न जाता घरी आणून ऐकू देणाऱ्याकडूनच.