विमा आहे, पण वापरता येत नाही

प्रश्न : ताई, माझं सोशल वर्कमधे मास्टर्स झालंय, दीड वर्ष एका विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतेय. रोज रिजेक्ट झालेल्या फायली बघून वाटतं, ज्यांच्याकडे विमाच नाही किंवा असून उपयोग नाही त्यांच्यासाठी काम करावं. घरचे म्हणतात ही शेवटी एजंटगिरीच. यात करिअर होतं का?

उत्तर : होतं गं, आणि तू अर्ध्या वाटेवर आलीयेस. मी काही वर्षं हॉस्पिटलच्या मदत डेस्कवर बसलेय. एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड जपून घेऊन आले, त्यावर नावातलं एक अक्षर चुकलेलं, तेवढ्यावरून कॅशलेस, म्हणजे खिशातून पैसे न भरता उपचार, अडलं, मग मी दुपारभर फोन करत बसले तेव्हा कुठे संध्याकाळी प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, आलं. यादीत नाव असणं आणि उपचार मिळणं यात एवढं अंतर असतं, ते कमी करणं हेच हे काम.

मोठा प्रश्न मात्र पगार नसलेल्यांचा. जर्मनीत 1883 साली कामगारांचा आजारपणाचा विमा आला तेव्हा मालक आणि कामगार दोघांकडून वर्गणी घेतली, पण ज्याला रोजचं काम रोज शोधावं लागतं त्याच्या कुठल्या पगारातून कापणार? आणि ऐच्छिक ठेवलं की आजारी लोकच जास्त येतात, प्रीमियम चढतो, धडधाकट लोक बाहेर पडतात. थायलंडने 2002 मधे अशा लोकांचा खर्च थेट करातून उचलला, आणि त्यामागे ज्यांनी जीव ओतला ते डॉ. संगुआन नित्यारुम्फोंग मुळात खेड्यातल्या हॉस्पिटलात काम केलेले डॉक्टर, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माणूस नेमका कुठे अडतो हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

तूही रोज तेच बघतेस. क्लेम का नाकारला त्याची कारणं एका वहीत लिहायला लाग, नावं अजिबात नकोत, फक्त वेटिंग पिरियड (विमा घेतल्यावर सुरुवातीचा ठरावीक काळ, ज्यात क्लेम मिळत नाही), आधीचा आजार, उशिरा कळवलं, कागद अपुरे असं. नोंदणी, अपील, डेटा, धोरण, कुठेही गेलीस तरी ती वही कामाला येईल. गणित आवडत असेल तर अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा बघ, वेळखाऊ आहेत पण योजनेचं पैशाचं गणित तेच लोक मांडतात.

नोकरी लगेच सोडू नकोस. आधी तिथेच तक्रार निवारणात बदली मागून बघ, रिजेक्ट झालेला क्लेम परत कसा उघडतात हे तिथेच शिकायला मिळेल.