गावी दोघंच राहणाऱ्या आई-आप्पांना उन्हाळ्यात कसं जपावं?

तुमचा प्रश्न असा: आप्पा 78 वर्षांचे, आई 72. तासगावजवळच्या गावात दोघंच राहतात. पुढं स्लॅबच्या दोन खोल्या, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. आप्पांना बीपी आणि शुगर. एसी नको म्हणतात, आणि पाणी प्या म्हटलं की "तहानच लागत नाही" म्हणून फोन ठेवतात.

आप्पा खोटं बोलत नाहीत. वय झालं की तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि किडनीला पाणी राखून ठेवणं पूर्वीइतकं जमत नाही. अंगातलं पाणी घटलेलं असतानाही माणूस मनापासून "मला काही झालेलं नाही" म्हणतो. म्हणून "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न उन्हाळाभर सोडून द्या. मोजून सांगता येईल असंच विचारा.

सुरुवात पाण्यापासून. दोन लिटरचा झाकणाचा जग आप्पांचा वेगळा ठेवा. सकाळी सातला भरायचा, तासाला एक फुलपात्र (150 ते 200 मिली) प्यायचं. बाराला निम्मा रिकामा हवा, सहापर्यंत तळ दिसायला हवा. फोनवर विचारायचं ते "जग कुठवर आलाय?" एवढंच. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र किती पाणी प्यायचं हे डॉक्टरच ठरवतील, तिथं हा जग चालणार नाही.

बऱ्याचदा पाणी टाळण्याचं खरं कारण वेगळंच असतं: संडास परड्यात, गुडघे दुखतात आणि रात्री उठायची धास्ती. ते कोणी तोंडानं सांगत नाही. जास्तीत जास्त पाणी सहाच्या आत पोटात गेलं, रात्री कॉटशेजारी कमोडची खुर्ची किंवा पॉट आणि एक बारका दिवा असला, की निम्मी कुरकुर थांबते.

ताक उत्तम, पण बीपी आहे तर मीठ चिमूटभरच. शुगरवाल्याला उसाचा रस आणि गुळाचं पन्हं नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर रोजचं नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच. ओआरएस हे रोजचं सरबत नाही, जुलाब-उलटी झाली किंवा खूप घाम गेला तरच घ्यायचं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि 24 तासांत संपवायचं. अंदाजानं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते इतकं खारट होतं की फायद्याऐवजी त्रासच.

आता गोळ्या. त्यांच्याकडं उन्हाळ्यात फारसं कुणी बघत नाही. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाईड लिहिलंय का बघा. ती लघवी वाढवणारी गोळी. फ्युरोसेमाइडही तसंच. शुगरची डापाग्लिफ्लोझिन असेल तर तीही लघवीवाटे पाणी काढते. थंडीत बरोबर बसलेला डोस एप्रिलमध्ये जड होऊ शकतो. घरच्या मशीनवर बसून बीपी घ्या, मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा 20 किंवा जास्त घसरला, किंवा उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर डॉक्टरांना हे दोन्ही आकडे सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन असेल तर घाम आणखी कमी होतो, ती टाळा. इन्सुलिन असेल आणि फ्रिज नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी माठाच्या पाण्यात ठेवतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही खिडकीत नकोत, तापल्या की चुकीचा आकडा दाखवतात.

घर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण "उन्हात जाऊ नका" एवढं सांगून आपण निर्धास्त होतो आणि माणूस घरातच भाजत राहतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत ओकत राहतो. खोलीत एक डिजिटल थर्मामीटर टांगा आणि दुपारी चारचा आणि रात्री नऊचा आकडा विचारा. खिडक्या सकाळी नऊला बंद, पडदे ओढून. बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडायचं. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारून घ्या, पांढऱ्या रंगानं बराच ताप परत जातो.

पत्र्यासाठी तुमच्या भागात सोपा उपाय आहे: बेदाण्याच्या शेडला लागते ती हिरवी शेडनेट. ती पत्र्याला टेकवून पसरू नका. फूटभर उंच ताणून बांधा, मधून वारा गेला पाहिजे. टेकलेली जाळी तापते आणि तो ताप पत्र्यालाच देते. गाठी पक्क्या हव्यात, नाहीतर पहिल्या वळवात जाळी शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत. उसाचं पाचट पत्र्यावर टाकतात, गारही वाटतं, पण खाली चूल असेल तर मी ते सुचवणार नाही. आणि आईनं स्वयंपाक सकाळी दहाच्या आत उरकावा. पत्र्याखाली दुपारच्या भाकरी थापण्यात तीच जास्त तापते, आणि सगळ्यांचं लक्ष आप्पांकडं.

पंख्याचंही एक गणित आहे. खोली 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. तेव्हा हात, मान, पाय ओल्या पंच्यानं पुसायचे आणि मग वारा घ्यायचा. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा लावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा साचतो, मग घाम वाळत नाही. वळीव पडून हवा दमट झाली की कूलर तितका चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा. पाणी भरताना प्लग काढायचा, आठवड्याला टाकी घासून वाळवायची, नाहीतर डेंग्यूचे डास.

लग्नं आणि शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा चुकणार नाहीत. अकराच्या आत पोचायचं आणि चारनंतर निघायचं एवढं ठरवा. एकादशीचा उपवास शुगरच्या गोळ्यांवर नको. खिशातल्या कांद्यानं काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर टोपी विसरू नये.

धोक्याची खूण म्हणजे वागण्यातला बदल: बरळणं, झोक जाणं, ओळखीचं माणूस न ओळखणं. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून इथंच वेळ जातो. आधी शुगर तपासा, ती उतरली तरी असंच दिसतं. शुद्धीवर असतील आणि 70 च्या खाली असेल तर साखरेचं पाणी द्या. अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि भान सुटलेलं असेल तर लगेच 108. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला, काखेत, जांघेत, मानेला कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्यानं उतरत नाही. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. हातावरची कातडी चिमटीत धरून बघणं या वयात फसवं, ती तशीही सैल असते. तोंड कोरडं आहे का, आणि सकाळपासून लघवी किती वेळा झाली, हे विचारा.

आणि दुपारी झोपताना आतून कडी लावू नका म्हणावं. नुसतं कुलूप ओढून घ्यायचं, एक किल्ली शेजारच्या काकूंकडं. चार वाजता फोन उचलला नाही, तर त्यांना आत जाता आलं पाहिजे.