जुन्या पोस्टकार्डावरचं गाव

प्रश्न : नमस्कार सर, लेक इंग्लंडला असते, तिनं लॅकॉक नावाच्या गावची जुनी फोटोवाली पोस्टकार्डं पाठवलीत. तारीख कुठंच नाही, मग कुठला फोटो कधीचा हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : काका, लेकीनं गाव भारीच शोधलंय! आज शिल्लक असलेली जगातली सगळ्यात जुनी कॅमेरा निगेटिव्ह तिथलीच आहे, लॅकॉक ॲबीत (म्हणजे तिथल्या जुन्या मठाच्या वाड्यात) राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बॉटनं १८३५ साली घरातल्याच खिडकीचा फोटो काढला, तोही जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची म्हणे :)

आता कार्डं उलटी करा. मागं मधोमध रेघ, एकीकडं पत्ता अन् एकीकडं मजकूर असेल तर कार्ड १९०२ नंतरचं, कारण त्याआधी तिकडं मागं फक्त पत्ताच लिहायचा नियम होता. तिकिटावर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड असेल तर साधारण १९१० पर्यंतचं, पाचवा जॉर्ज असेल तर त्यानंतरचं. पण तिकिटावरचा टपालाचा शिक्का कार्ड टाकल्याचा असतो हां, फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

घरांवरून मात्र अंदाज बांधू नका. अख्खं गाव टॅल्बॉट घराण्याचंच होतं, १९४४ ला मटिल्डा टॅल्बॉटनं ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं, त्यामुळं घरं फारशी बदललीच नाहीत. त्यापेक्षा गाड्या, टोप्या, बायकांच्या झग्यांची लांबी बघा.